बुडीत खात्यातला बेडूक

एखादी उधारी बुडाली असे ठरवून ती रक्कम बुडीत खाती टाकणे हा व्यापारातील अप्रिय, पण कधी कधी अटळ निर्णय असतो. जाणता व्यापारी तो घाईने घेत नाही. आधी पत्र जाते, मग मुनीम जातो, मग गावातला एखादा मध्यस्थ. सगळ्या वाटा खुंटल्यावरच वहीत तशी नोंद होते. याचे कारण कोणत्याही पेढीवर बसलेल्या माणसाला ठाऊक असते. एकदा रक्कम बुडीत लिहिली, की तिच्या वसुलीसाठी पुन्हा कोणी कोणाचे दार ठोठावीत नाही.

प्राणिशास्त्रातही असे एक खाते आहे. त्याचे नाव ‘नामशेष’. जगातील वन्य जीवांच्या स्थितीची सर्वमान्य नोंदवही म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची ‘लाल यादी’. तिचा दंडक असा, की शेवटचा जीव मेला याविषयी वाजवी शंका उरलेली नसेल आणि तो जेथे असू शकेल त्या जागी कसून शोध घेऊन झाला असेल, तरच एखाद्या जातीपुढे नामशेष असा शेरा मारावा. दंडक चोख आहे. अडचण एवढीच, की ‘कसून’ म्हणजे किती, याचे माप प्रत्येक जीवाच्या वाट्याला सारखे येत नाही.

श्रीलंकेच्या मध्यभागी असलेल्या डोंगराळ मुलखात दोन लहान जीव राहतात. एक लोरिस नावाचा, मुठीत मावेल एवढा, केसाळ, मोठाल्या डोळ्यांचा सस्तन प्राणी. दुसरा अंगठ्याएवढा झाडबेडूक. दोघांचे रान एकाच धाटणीचे, दोघेही निशाचर आणि दोघांवर आलेले संकटही एकच. दोघेही माणसाच्या नजरेतून दीर्घकाळ नाहीसे झाले होते आणि पुढे जवळजवळ एकाच सुमारास सापडले. एकाचे खाते मात्र कधीच बंद झाले नव्हते, आणि दुसऱ्याचे केव्हाच बंद करून टाकण्यात आले होते. हा फरक का पडला, हे या दोघांना शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे.

श्रीलंका म्हटले की आपल्याकडील जुन्या पिढीला रेडिओ सिलोन आठवतो, आणि किराण्याच्या व्यवहारात वाढलेल्यांना सिलोनचा चहा. तो चहा पिकतो त्याच डोंगरांच्या माथ्यावर हे रान शिल्लक आहे. श्रीपाद हा तेथील प्रसिद्ध पर्वत, उंची २,२४३ मीटर. त्याच्या शिखरावरील पदचिन्ह बौद्ध बुद्धाचे मानतात, हिंदू शिवाचे, आणि मुसलमान व ख्रिस्ती आदमचे. एकाच शिळेवर चार धर्मांनी श्रद्धा ठेवावी असे हे दुर्मीळ स्थान. त्याच्या पूर्वेला हॉर्टन प्लेन्स नावाचे विस्तीर्ण पठार आहे, दोन हजार मीटरहून उंच. तेथील अरण्य आपल्या कल्पनेतल्या घनदाट, गगनचुंबी अरण्यासारखे नाही. झाडे बुटकी, वेडीवाकडी वाढलेली, खोडापासून शेंड्यापर्यंत शेवाळाने लपेटलेली. वर्षातील पुष्कळ दिवस रान ढगातच बुडालेले असते. पाऊस नसतानाही पानांच्या टोकांवरून पाणी ठिबकत राहते. जानेवारी-फेब्रुवारीच्या काही रात्री पठारावर गवतावर दहिवर गोठते. विषुववृत्तापासून इतक्या जवळ असे दृश्य पाहून नवखा माणूस चकित होतो.

अशा रानात लोरिस रात्री बाहेर पडतो. सडपातळ बांध्याचा हा प्राणी वानर आणि माणूस ज्या गणात मोडतात त्याच गणातला, म्हणून आपला दूरचा भाऊबंदच. वजन दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पावशेराहूनही कमी. शेपूट नाही म्हटले तरी चालेल. हातापायांच्या काटक्या, पण पंजा थेट माणसासारखा, अंगठा बोटांसमोर येणारा. चेहऱ्याचा निम्मा भाग डोळ्यांनीच व्यापलेला. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘टार्डिग्रेडस’ या शब्दाचा अर्थ सावकाश पावले टाकणारा असा आहे, आणि ते नाव त्याला शोभते. सिंहली भाषेत याला ‘उनहपुळुवा’ म्हणतात. त्याचे रूप तेथील लोकांना विचित्रच वाटत आले असावे, कारण उनहपुळुव्यालासुद्धा आपले पिल्लू माणिकच वाटते, अशा अर्थाची म्हण सिंहलीत रूढ आहे. रत्नांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या देशात ही उपमा सुचली यात नवल नाही. लोरिसच्या डोळ्यांविषयी मात्र वाईट समजुतीही होत्या. त्याचे डोळे आणि अश्रू वशीकरणाला व औषधाला उपयोगी पडतात अशा भ्रमापायी दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत कित्येक लोरिस हकनाक मारले गेले.

हॉर्टन प्लेन्सचा लोरिस हा सखल भागातील लोरिसचाच डोंगरी पोटभेद. थंडीमुळे त्याची लोकर दाट, हातपाय थोडे आखूड. कोलंबोच्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकविणाऱ्या ऑस्मन हिल यांनी १९४२ मध्ये त्याला स्वतंत्र नाव दिले. त्यासाठी हाती आलेले प्राणी १९३७ मध्ये मिळाले होते.

बेडकाची नोंद याहून कितीतरी जुनी आहे. श्रीलंकेतच जन्मलेला एडवर्ड फ्रेडरिक केलार्ट हा ब्रिटिश सैन्यातील डॉक्टर. बेटावरील जीवसृष्टीचा पहिला मोठा आढावा त्याचाच. १८५३ मध्ये त्याने नुवारा एलिया या थंड हवेच्या ठिकाणच्या एका झाडबेडकाचे वर्णन प्रसिद्ध केले. पाठीवर विखुरलेल्या फिकट ठिपक्यांवरून त्याने त्याला ‘तारांकित’ या अर्थाचे लॅटिन नाव दिले. आपण त्याला तारांकित बेडूक म्हणू. यानंतर दीडशे वर्षे या बेडकाविषयी कोणालाही काहीच कळले नाही. केलार्टने पाहिलेला मूळ नमुनादेखील पुढे हरवला. उधारी राहिली आणि चिठ्ठीही गहाळ झाली, असा तो प्रकार.

हे दोन्ही जीव एकाच ओल्या डहाळीला कसे धरून राहतात ते पाहिले, तरी त्यांच्यातील अंतर ध्यानात येते. लोरिसची पकड चिमट्यासारखी. पंजा एकदा आवळला की तासन् तास तसाच राहू शकतो, कारण हातापायांतील रक्तवाहिन्यांची जाळीच अशी असते की स्नायू लवकर थकत नाहीत. परंतु या प्राण्याला उडी मारता येत नाही. एका फांदीवरून दुसरीवर जायचे तर दोन्ही फांद्यांना एकाच वेळी हात पोहोचला पाहिजे. बेडकाची तऱ्हा उलट. त्याच्या प्रत्येक बोटाच्या टोकाला चपटी, ओलसर गादी असते आणि ती पानाला चिकटते. सरळ उभ्या गुळगुळीत पानावरही तो खुशाल बसतो आणि पाहिजे तेव्हा उडी घेतो. उडी येते म्हणून तो लोरिसहून अधिक मोकळा असेल असे वाटेल. तसे नाही. त्याची त्वचा पाणी अडवीत नाही. त्या त्वचेतूनच तो पाणी घेतो, काही प्रमाणात श्वासही घेतो, आणि कोरड्या हवेत त्याच त्वचेतून त्याचे सारे पाणी निघून जाते. रानातून डांबरी रस्ता गेला किंवा वीस-पंचवीस पावले रुंदीची चहाची पट्टी आली, तर लोरिसला ती ओलांडता येत नाही, कारण धरायला फांदी नाही. बेडकालाही ओलांडता येत नाही, कारण तेथे सावली आणि दमट हवा नाही. नकाशावर तो एक रस्ता असतो. या दोघांसाठी मात्र तो समुद्र ठरतो. लोरिस जमिनीवर उतरून तो पार करू पाहतो किंवा विजेच्या तारेवरून जाऊ पाहतो, आणि पुष्कळदा तेथेच संपतो.

प्रजननाच्या बाबतीत तर दोघांचे हिशेब अगदी वेगळे. लोरिसची मादी साडेपाच महिने गर्भ वाहते आणि एक किंवा दोन पिल्ले देते. पिल्लू काही आठवड्यांचे झाले की रात्री त्याला एखाद्या फांदीला धरून बसवायचे, स्वतः किडे शोधायला जायचे आणि पहाटे येऊन उचलायचे, अशी तिची रीत. भांडवल थोडे आणि ते फार जपून गुंतविलेले. एक पिल्लू गेले की वर्षाची सारी कमाई गेली.

बेडूक म्हटला की आपल्याला डबके, त्यातील फेसाळ अंडी आणि मग शेपटीवाले डिंभ आठवतात. श्रीलंकेचे हे झुडपी बेडूक त्याला अपवाद आहेत. त्यांना डबके लागतच नाही. बहुतेक जातींत मादी ओल्या मातीत लहानसा खळगा करते, त्यात अंडी घालते आणि त्यांना माती फासून खळगा झाकते. दुसऱ्या काही जातींत अंडी पानाच्या खालच्या बाजूस चिकटवलेली असतात. पाण्यात पोहणारा डिंभ ही अवस्था या अंड्याच्या आतच उरकली जाते. काही आठवड्यांनी अंडे फुटते तेव्हा बाहेर येतो तो पूर्ण आकाराला आलेला, पण मुगाच्या दाण्याएवढा बेडूक. डबक्यातील मासे, पाणसाप, चतुरांच्या अळ्या या साऱ्या शत्रूंतून सुटका झाली. शास्त्रज्ञ मानतात की याच सोयीमुळे हे बेडूक डोंगरांच्या प्रत्येक कोपऱ्यात पसरले आणि एकट्या श्रीलंकेत त्यांच्या जाती पाऊणशेच्या घरात गेल्या. परंतु डबक्याची गरज संपली म्हणून ओलाव्याची संपली नाही. उलट वाढली. जे काम तळ्याचे पाणी करीत असे ते आता मातीच्या आणि पाचोळ्याच्या ओलीने करायचे. रानाचे छत उघडे पडले, ऊन जमिनीपर्यंत पोहोचले, पाचोळा वाळला, की घातलेली सगळी अंडी एकाच दुपारी सुकून जातात. लोरिसला निदान काही काळ शेजारच्या बागेत, कुंपणाच्या झाडीत दिवस काढता येतात. बेडकाला ती मुभा नाही. एकेका जातीचे अख्खे राज्य कधी कधी एकाच डोंगराच्या एका उताराएवढे असते. तो उतार गेला की ती जात गेली.

असे उतार गेले कसे, हे समजून घ्यायचे तर आपल्याला व्यापाराच्याच इतिहासात शिरावे लागेल. १८१५ मध्ये ब्रिटिशांनी कँडीचे राज्य घेतले आणि आतापर्यंत अडगळीचा वाटणारा डोंगरी मुलूख त्यांच्या हाती आला. १८३० नंतर तेथे कॉफीची लाट उसळली. कुऱ्हाड आणि आग या दोन साधनांनी डोंगरच्या डोंगर मोकळे करण्यात आले. १८६९ मध्ये कॉफीच्या पानांवर तांबेरा रोग दिसला आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत ते पीक बसले. कित्येक मळेवाल्यांचे दिवाळे निघाले. पण रान परत आले नाही, कारण तोवर नवा माल सापडला होता. जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने १८६७ मध्येच लूलकंदेरा येथे १९ एकरांवर चहा लावला होता. शतक संपेपर्यंत ते १९ एकर लाखो एकर झाले. श्रीलंकेच्या पावसाळी नैर्ऋत्य भागातील मूळ वर्षावनापैकी आज पाच टक्क्यांच्या आसपासच उरले आहे असा अभ्यासकांचा हिशेब आहे.

जे उरले, त्यातील डोंगरमाथ्याचा मोठा वाटा एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सल्ल्यामुळे उरला. जोसेफ हुकर यांनी १८७३ मध्ये ब्रिटिश सरकारला सुचविले, की पाच हजार फुटांच्या वरचे रान तोडू नये. ते ऐकले गेले. हुकरांच्या डोळ्यांपुढे ना लोरिस होता ना बेडूक. उंचावरील रान गेले तर नद्यांचे पाणी आटेल हा त्यांचा व्यवहारी विचार. पण त्या एका रेषेच्या वर जे राहिले त्यांचा वंश वाचला. लोरिसचे हॉर्टन प्लेन्स आणि श्रीपादभोवतीची उंच अरण्ये याच रेषेच्या वर येतात. रेषेच्या खाली राहणारे बेडूक किती गेले याची कल्पना संग्रहालयांतील बरण्यांवरून येते. एकोणिसाव्या शतकात युरोपात पाठविलेले, मद्यार्कात ठेवलेले श्रीलंकेचे बेडूक शंभर-सव्वाशे वर्षांनी नीट तपासले गेले, तेव्हा कळले की त्यांतील काहींना कधी नावच मिळालेले नाही. अशा दोन जातींना २००७ मध्ये नाव देण्यात आले. नाव मिळाले तेव्हा त्या जाती पृथ्वीवर नव्हत्या, असे म्हणायला संशोधकांजवळ सबळ कारण होते. बारसे आणि श्राद्ध एकाच दिवशी! वहीत नावच चढले नाही, त्या मालाची चोरी कोणाच्या ध्यानात यायची?

या कामात रोहन पेतियागोडा आणि केलुम मनमेंद्र-आराच्ची या दोन श्रीलंकन अभ्यासकांचा वाटा मोठा. त्यांनी १९९०च्या दशकात बेटभर हिंडून शेकडो ठिकाणचे बेडूक तपासले. निष्कर्ष दुहेरी होता. एकीकडे डझनांनी नव्या जाती सापडल्या. दुसरीकडे जुन्या नोंदींतील दीड डझनाच्या आसपास जाती कुठेच सापडल्या नाहीत. २००४ मध्ये जगभरच्या उभयचरांची पहिली मोठी पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यात नामशेष ठरविलेल्या ३४ जातींपैकी सुमारे निम्म्या या एकट्या छोट्या बेटावरच्या होत्या. केलार्टचा तारांकित बेडूक त्यांतच होता. खाते बंद झाले.

याच सुमारास लोरिसचे काय चालले होते? हॉर्टन प्लेन्सचा लोरिस १९३९ नंतर सहा दशकांहून अधिक काळ कोणालाच दिसला नव्हता. तरी त्याला नामशेष ठरवून मोकळे होण्याची घाई कोणी केली नाही. २००२ मध्ये एका रात्री पठारावर एक ओझरते दर्शन झाले, आणि तेवढ्यावर शोध सुरू झाला. लंडनची झूऑलॉजिकल सोसायटी आणि श्रीलंकेतील विद्यापीठांचे संशोधक यांनी मिळून १२० ठिकाणची राने पिंजून काढली. रात्रीच्या फेऱ्या हजारांवर गेल्या. विजेरीच्या उजेडात लोरिसचे डोळे तांबूस चमकतात. त्या दोन ठिणग्यांच्या आशेवर माणसे धुक्यात, गारठ्यात फिरत राहिली. अखेर काही प्राणी हाती लागले, त्यांची मोजमापे घेऊन त्यांना सोडण्यात आले, आणि जुलै २०१० मध्ये या लोरिसची पहिली छायाचित्रे जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकली. फांदीला धरून बसलेला, भल्यामोठ्या डोळ्यांनी टकमक पाहणारा तो वीस सेंटिमीटरचा जीव लोकांना फार आवडला. आता असे शंभरही उरले नसतील, असा त्या वेळचा अंदाज होता.

तारांकित बेडकासाठी अशी मोहीम निघाली नाही. ‘नामशेष’ असा शेरा बसलेल्या जातीच्या शोधाला पैसा कोण देणार? मेंडिस विक्रमसिंघे आणि त्यांचे सहकारी २००९ मध्ये श्रीपादच्या अभयारण्यात तेथील सरपटणारे प्राणी आणि उभयचर यांची सर्वसाधारण पाहणी करीत होते. रात्री झुडपांवर बसलेल्या बेडकांत त्यांना पाठीवर ठिपके असलेला एक निराळा बेडूक दिसला. जुन्या वर्णनाशी ताडून पाहून, खात्री करून घेऊन त्यांनी २०१३ मध्ये जाहीर केले, की हा केलार्टचाच बेडूक. दीडशेहून अधिक वर्षांनी हे खाते पुन्हा उघडले. त्याच पाहणीत १८७२ नंतर न दिसलेला कँडीचा एक भेक, एक दुसरा हरवलेला झुडपी बेडूक आणि आठ अगदी नव्या झुडपी बेडकांच्या जाती मिळाल्या. एवढे घबाड एकाच डोंगराच्या कुशीत! आणि वर्तमानपत्रांत त्याला लोरिसच्या मानाने जागा किती मिळाली, हे सांगायला नको.

यात कोणाला दोष देणे माझ्या मनात नाही. ज्या जीवाला आपल्यासारखा हात आहे, जो समोरून डोळ्याला डोळा देतो, पिल्लाला छातीशी धरतो, त्याच्याकडे मन ओढले जाते. लोरिसच्या नशिबाने भारतातही त्याला चांगले दिवस आले. तमिळनाडू सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिंडिगुल आणि करूर जिल्ह्यांतील ११,८०६ हेक्टर रान खास लोरिससाठी अभयारण्य म्हणून घोषित केले. देशातील ते पहिले लोरिस अभयारण्य. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण गरजेचे माप लावले तर पारडे दुसरीकडे झुकते. २०२३ मध्ये आठ हजारांहून अधिक उभयचर जातींचा जो दुसरा जागतिक आढावा आला, त्यानुसार त्यांतील सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत. सस्तन प्राण्यांत हे प्रमाण चौथ्या हिश्श्याच्या आसपास आहे.

बेडकाविषयी माणसाला आपलेपणा वाटूच शकत नाही, असे मात्र नाही. आपल्या कथापरंपरेतच त्याचा दाखला आहे. राजगृहीचा नंद मणियार हा धनाढ्य व्यापारी. त्याने नगराबाहेर मोठी पुष्करिणी बांधली, वाटसरूंसाठी भोजनशाळा, रुग्णांसाठी चिकित्सालय उभारले, आणि त्या पुष्करिणीच्या मोहात मरण पावून तिच्यातच बेडूक होऊन जन्मला. पुढे भगवान महावीरांच्या दर्शनाला निघालेला तो बेडूक श्रेणिक राजाच्या लवाजम्याच्या पायदळी सापडला आणि शुभ भावाने मरण पावून देवगतीला गेला. लहानपणी ही कथा ऐकताना ऐकणाऱ्याचे लक्ष शेवटच्या देवगतीकडे लागलेले असते. मला अलीकडे तिचा मधला भाग अधिक आठवतो. एक व्यापारी एका जन्माच्या अंतरावर बेडूक आहे, आणि त्याचे सारे जग त्या एका पुष्करिणीएवढे आहे.

पुन्हा बुडीत खात्याकडे वळू. पक्ष्यांचे अभ्यासक नायजेल कोलर यांनी १९९८ मध्ये एका चुकीला ‘रोमिओची चूक’ असे नाव दिले. शेक्सपिअरच्या नाटकात ज्युलिएट मेली असे समजून रोमिओ प्राण देतो, आणि त्यामुळे ज्युलिएट खरोखरच मरते. कोलर यांच्या डोळ्यांपुढे फिलिपिन्समधील सेबू बेटावरचा एक लहानसा पक्षी होता. बेटावरचे रान संपले, म्हणजे पक्षीही संपला, असे गृहीत धरून त्याला नामशेष मानण्यात आले. १९९२ मध्ये तो रानाच्या एका उरल्यासुरल्या तुकड्यात दिसला. मधल्या काळात त्या तुकड्यांच्या रक्षणासाठी कोणी हालचाल केली नव्हती, कारण राखण्यासारखे तेथे काही आहे असे कोणाला वाटतच नव्हते. तारांकित बेडकाचे सुदैव असे, की त्याचे रान दुसऱ्या कारणांनी राखले गेले होते. श्रीपादला १९४० मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, त्यात पर्वताच्या पावित्र्याचा वाटा मोठा. २०१० मध्ये श्रीपाद, हॉर्टन प्लेन्स आणि नकल्स या तिन्ही डोंगरी प्रदेशांना मिळून जागतिक वारसास्थळाचा मानही मिळाला. लोरिसची छायाचित्रे प्रसिद्ध झाली, तेच हे वर्ष. तारांकित बेडूक अजून कागदोपत्री मृतच होता.

आज लाल यादीत लोरिस ‘संकटग्रस्त’ आहे आणि बेडूक त्याहून एक पायरी खाली, ‘अतिसंकटग्रस्त’. दोघांच्या रानापुढचे प्रश्न संपलेले नाहीत. हॉर्टन प्लेन्सवर गेली काही दशके मोठमोठी झाडे उभ्या जागी वाळत आहेत, आणि त्याचे नेमके कारण काय यावर अभ्यासकांचे एकमत नाही. परदेशी काटेरी झुडपे पसरली आहेत. श्रीपादवर डिसेंबरच्या पौर्णिमेपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत लाखो यात्रेकरू चढतात, आणि त्यांच्यामागे प्लास्टिक उरते. हवामान उष्ण होत जाईल तसा ढगांचा थर वर सरकेल, ही भीती आहेच. खालच्या डोंगरातील जीव वर सरकू शकतो. जो आधीच माथ्यावर आहे त्याने कुठे जायचे?

पेतियागोडा यांनी या बाबतीत एक काम केले, त्याचा उल्लेख व्यापारी वाचकाला विशेष रुचेल. त्यांनी नुसते बेडूक मोजले नाहीत; अग्रपतन भागातील सोडून दिलेला चहाचा मळा मिळवून तेथे मूळचे रान परत आणण्याचा उद्योग आरंभला. याच कल्पनेसाठी त्यांना २००० मध्ये रोलेक्स पुरस्कार मिळाला. चहाचे झुडूप आपण कमरेएवढे पाहतो ते सतत छाटल्यामुळे. छाटणी थांबली की त्याचा वृक्ष होतो. त्याच्या सावलीत स्थानिक झाडांची रोपे तग धरतात, पाचोळा साचतो, माती पुन्हा ओली राहू लागते. दीडशे वर्षांपूर्वी ज्या क्रमाने रान गेले, त्याच्या उलट क्रमाने, आणि फार सावकाश, ते परत येते. नफ्याच्या तराजूत बसणारा हा उद्योग नाही. पण पडीक मळा तसाही तोट्यातच असतो.

आपल्यासाठी या कथेचा एक धागा सह्याद्रीत येऊन पोहोचतो. जीवशास्त्रज्ञ पश्चिम घाट आणि श्रीलंका यांना मिळून एकच जैवसंपन्न प्रदेश मानतात, आणि ते उगीच नव्हे. समुद्राची पातळी खाली गेली तेव्हा या दोन भूभागांमध्ये जमिनीचा पूल उघडा पडत असे. श्रीलंकेत वाढलेल्या या झुडपी बेडकांच्या एका शाखेने त्या वाटेने भारतात पाऊल टाकले. तिच्या मोजक्या जाती आज पश्चिम घाटात आहेत. त्यांपैकी एक सिंधुदुर्गातल्या आंबोलीत राहते, आणि आंबोलीचेच नाव तिला मिळाले आहे. या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे श्रीपादच्या रानात तारांकित बेडूक दिसला त्याच वर्षी. पावसाळ्यात धबधबा पाहायला जाणाऱ्या मोटारी ज्या वळणांवर थांबतात, त्यांच्या बाजूच्या झुडपांत रात्री त्याचे नर बोलत असतात. डबके शोधू नका. पानांवर पाहा.